नोटिशीची मुदत आणि कायद्याचा विद्यार्थी

खालापूर तालुक्यातील मोहोपाडा हे मूळचे पाताळगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीचे गाव. रसायनी परिसरात सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना आला, पुढे पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि खाचरांच्या जागी वसाहती, दुकाने व गुदामे आली. भोवतालच्या डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या मात्र तशाच आहेत. अशा गावात कागद फार येतात. भूसंपादनाची सूचना येते, वारसनोंदीचा फेरफार येतो, बँकेची जप्तीची नोटीस येते, कंत्राटी कामगाराला कामावरून कमी केल्याचे पत्र येते. आलेला प्रत्येक कागद कोणत्या ना कोणत्या मुदतीला बांधलेला असतो. ती मुदत कोणती, ती कोणत्या दिवसापासून मोजावयाची आणि उत्तर कोणत्या कार्यालयात द्यावयाचे, हे सांगणारा माणूस गावात असतोच असे नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याकडून ग्रामीण भागाला नेमकी कोणती सेवा मिळू शकते, आणि ती सेवा त्याच्या पुढील व्यवसायास कशी उपकारक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कागद कोठे कोठे जातो

एका साध्या फेरफाराचे उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याच्या निधनानंतर त्याच्या मुलांची नावे सात-बाराच्या उताऱ्यावर चढली, परंतु विवाहित मुलीचे नाव राहून गेले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये तलाठ्याने (या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव आहे) फेरफार नोंदवहीत नोंद घ्यावयाची, हितसंबंधितांना सूचना द्यावयाची आणि हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहावयाची असते. हरकत न आल्यास नोंद प्रमाणित होते. त्यानंतरचा मार्ग अपिलाचा. ते उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे, साठ दिवसांच्या आत दाखल करावे लागते. मोहोपाड्याच्या माणसाला तहसीलदार खालापुरास भेटतात, प्रांत कर्जतला आणि जिल्हाधिकारी अलिबागला. हक्कच नाकारला गेला असेल तर दिवाणी न्यायालयाची वाट निराळी. या बहिणीला सूचना मिळालीच नाही, किंवा मिळाली व तिने ती डब्यात ठेवून दिली, तर साठ दिवस कधी सरले हे तिला कळतही नाही. विलंब माफ करण्याची सोय संहितेत आहे. पण तिच्यासाठी विलंबाचे कारण पटवून द्यावे लागते, आणि सूचना केव्हा व कशी कळली याचा पुरावा तेव्हा शोधत बसावे लागते.

या सर्व प्रकारात गहन कायदेशीर प्रश्न एकही नाही. कागद वाचणे, तारीख लिहून ठेवणे आणि योग्य दार दाखविणे एवढेच काम आहे. ज्येष्ठ वकिलास त्यासाठी वेळ नसतो आणि अर्जनवीस ते करतो तेव्हा बहुधा जुन्या अर्जाचा नमुना उतरवून काढतो. तिसऱ्या वर्षाचा विधी विद्यार्थी मात्र हे काम उत्तम रीतीने करू शकतो. असे काम केलेल्या विद्यार्थ्याला महसुली कायदा परीक्षेपुरता पाठ करावा लागत नाही, हा अनुभव अनेक अध्यापकांच्या परिचयाचा आहे.

मुदत आणि कागद यांचे नाते किती जीवघेणे असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयासमोर १९७८ साली आलेल्या हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात दिसले. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्धची याचिका चार वर्षांहून अधिक उशिराने आली होती. निकालाची प्रत आपल्या हाती वेळेवर पडली नाही, असे कैद्याचे म्हणणे होते. ती त्याला दिल्याबद्दलची लेखी पोच तुरुंगाच्या दप्तरात नव्हती. याचिका शेवटी फेटाळली गेली. परंतु कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व विनाविलंब दिली पाहिजे, तिची लेखी पोच घेतली पाहिजे आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो राज्याने दिला पाहिजे, असे न्यायालयाने त्या निमित्ताने सांगितले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या या निकालपत्रात तत्त्वचर्चा विपुल आहे. तथापि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसणाऱ्याने त्यातून पोच घेण्याची सवय उचलली, तरी पुष्कळ साधले.

मोफत विधी सेवा कोणास मिळते

गरिबाला न्यायालयात साहाय्य द्यावे हा विचार आपल्याकडे जुना आहे. मुंबई राज्याने १९४९ साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी साहाय्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती. पुढे याच विषयाची देशपातळीवर मांडणी करण्यात त्यांचे पुत्र न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांचा मोठा वाटा होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-क आला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत झाला, पण अमलात येण्यास ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले.

या अधिनियमाच्या कलम १२ मधील यादी ग्रामपंचायत सदस्यांनी एकदा तरी सावकाश वाचावी. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व बालके, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, अटकेत किंवा अभिरक्षेत असलेल्या व्यक्ती, मानवी व्यापारास किंवा वेठबिगारीस बळी पडलेले लोक, आणि सामुदायिक आपत्ती, पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या संकटात सापडलेले लोक यांना मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. यांपैकी कोणासही उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा फक्त इतरांसाठी असून महाराष्ट्रात ती वार्षिक तीन लाख रुपये आहे. मोहोपाडा परिसरातील बहुसंख्य लोक या ना त्या कलमात बसतात. कारखान्यातील कामगार कामगार म्हणून बसतो, त्याची पत्नी स्त्री म्हणून बसते, वाडीवरचा कातकरी अनुसूचित जमातीचा म्हणून बसतो. तरीही उत्पन्नाचा दाखला आणा, असे सांगून माणसे परत पाठविली जातात, तेव्हा दोष कायद्याचा नसून तो न वाचणाऱ्याचा असतो.

तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या न्यायालयात असते आणि तेथील ज्येष्ठतम न्यायिक अधिकारी तिचे अध्यक्ष असतात. रायगड जिल्हा प्राधिकरण अलिबागला आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील चालत नाही. हा शेवटचा भाग पक्षकाराला सही करण्यापूर्वी समजावून सांगितला पाहिजे. तडजोडीच्या घाईत नेमका तोच राहून जातो.

इर्शाळवाडीचा प्रश्न

सामुदायिक आपत्तीचे कलम खालापूर तालुक्याला केवळ पुस्तकातून माहीत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकूर समाजाच्या वाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे सापडली नाहीत आणि चार दिवसांनंतर शोधकार्य थांबवावे लागले.

मृतदेह न सापडलेल्या माणसाचे कायद्याच्या दृष्टीने काय होते, हा प्रश्न अशा वेळी उभा राहतो. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून वारसनोंद नाही. वारसनोंद नाही, म्हणून बँकेतील ठेव नाही, विमा नाही, जमिनीच्या उताऱ्यात बदल नाही. साक्ष्य कायद्याची सर्वसाधारण तरतूद अशी की, ज्यांना माणसाची खबर स्वाभाविकपणे लागली असती त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हा नियम कायम आहे. पण दरडीखाली गेलेल्या माणसासाठी कुटुंबाने सात वर्षे थांबावे, असे कोणीही सुजाण शासन म्हणणार नाही. २०१३ च्या उत्तराखंडातील महापुरानंतर बेपत्ता व्यक्तींची चौकशी करून, जाहीर सूचना देऊन व हरकती मागवून मृत्यूची नोंद करण्याची विशेष कार्यपद्धती ठरविण्यात आली होती. आपत्तीच्या प्रसंगी असाच प्रशासकीय मार्ग काढावा लागतो.

अशा प्रसंगी कायद्याच्या विद्यार्थ्याने वाडीवर जाऊन भाषण देण्याचे कारण नाही. प्रत्येक घराची यादी करावी. घरात कोण होते, कोणाचे आधार कार्ड वा शिधापत्रिका गेली, शाळेच्या पटावर कोणते मूल होते, बँकेचे पुस्तक कोणत्या शाखेचे होते, हे लिहून काढावे. येथे शाळेच्या शिक्षकाचा उपयोग अतोनात आहे. कागदपत्रे मातीखाली गेली तरी शाळेचा जनरल रजिस्टर शाळेत असतो, आणि मुलाच्या नावापुढे बापाचे नाव व जात त्यात लिहिलेली असते.

शिबिर कोणत्या महिन्यात घ्यावे

९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. त्या निमित्ताने गावोगावी शिबिरे होतात, फलक लागतात, पाहुणे येतात. परंतु कर्जत-खालापुरातील कातकरी वाड्यांचा विचार केला तर हा काळ सोयीचा नाही. भातकापणी आटोपून दिवाळी झाली की पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या व कोळशाच्या कामासाठी मुलाबाळांसह बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्यांच्यासाठी शिबिर भरवायचे त्यांची घरे तेव्हा कुलूपबंद असतात. पोस्टाने आलेली सूचनाही अशाच दाराला चिकटून राहते.

म्हणून आषाढ-श्रावणात वाडीवर जावे. पाऊस असतो, वाट निसरडी असते, पाहुणे यायला नाखूश असतात. पण माणसे घरी असतात. महाविद्यालयाचे वर्ष नुकतेच सुरू झालेले असते आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा दूर असतात. जातीचा दाखला, शिधापत्रिका, घराखालच्या जागेची नोंद, वनहक्काचा दावा, ही कामे त्याच दिवसांत मार्गी लागतात. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे, कोलाम व माडिया गोंड या अन्य दोन. बाहेर पडण्यापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी माणसाला अडकवून ठेवणे हे वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार गुन्हा आहे आणि अशी कर्जे त्या कायद्याने संपुष्टात आली आहेत. ही माहिती उचल घेण्यापूर्वी मिळाली तर उपयोगाची. भट्टीवर गेल्यावर ती सांगणारा कोणी नसतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ चे निर्बंध आहेत, हेही वाडीवर बसून उताऱ्यासह समजावून सांगितल्यासच समजते.

विद्यार्थ्याचा अधिकार आणि त्याची सीमा

विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम ४ मध्ये विद्यापीठे व विधी महाविद्यालयांतून विधी सेवा केंद्रे चालविण्यास उत्तेजन देण्याचे काम राष्ट्रीय प्राधिकरणाकडे सोपविले आहे. त्यानुसार २०११ साली विधी सेवा केंद्रांविषयीचे विनियम झाले. महाविद्यालयाने एखादे दूरचे गाव दत्तक घ्यावे, तेथे पाहणी करावी, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अध्यापकांच्या देखरेखीखाली केंद्र चालवावे, अशी ही योजना आहे. याशिवाय विधी स्वयंसेवक म्हणून विद्यार्थ्याला काम करता येते; वकील म्हणून नाव नोंदविले की ती भूमिका संपते. शिक्षक, निवृत्त शासकीय कर्मचारी, अंगणवाडी सेविका व बचत गटातील सदस्य यांनाही स्वयंसेवक होता येते. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव आवश्यक आहे. हे आठवडे मुंबईतील कार्यालयात छायाप्रती काढण्यात घालवावयाचे की तालुका समितीत, हे ठरविण्याचा अधिकार पुष्कळ अंशी विद्यार्थ्याचाच असतो. अलिबागचे ॲड. दत्ता पाटील विधी महाविद्यालय व नवीन पनवेलचे भागूबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय ही दोन्ही खालापूरहून फार दूर नाहीत.

सीमाही स्पष्ट असाव्यात. विद्यार्थ्याने न्यायालयात उभे राहू नये, शुल्क घेऊ नये, कोणाचा खटला कोणत्या वकिलाकडे पाठवावा याची दलाली करू नये, आणि ऐकलेली घरगुती भांडणे चहाच्या टपरीवर बोलू नयेत. खोटी आशाही दाखवू नये. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या रसायनी येथील कारखान्यातील बहुतेक उत्पादन बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ साली घेतला. आमच्या वाडवडिलांची जमीन कारखान्यासाठी घेतली, कारखाना गेला, मग जमीन आम्हाला परत का नाही, असे परिसरात विचारले जाते. प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. उत्तर मात्र असे की, १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ताबा घेतलेली जमीन पूर्णपणे शासनात निहित होते आणि मूळ उद्देश संपला म्हणून ती परत मागण्याचा हक्क जुन्या मालकाला राहत नाही. न्यायालयांनी ही भूमिका वारंवार घेतली आहे. मोबदल्याचे वा पुनर्वसनाचे जे राहून गेले असेल त्याचा पाठपुरावा करता येतो, तो वेगळा विषय. केंद्रावर बसणाऱ्या मुलाला हे गावकऱ्याच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य हवे. न सांगितले तर गावकरी दुसऱ्या कोणाला तरी पैसे देऊन तेच ऐकतो, तेही काही वर्षांनी.

आणखी एक अडचण भाषेची. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, पण विद्यार्थी कायदा इंग्रजी पुस्तकांतून शिकतो. कब्जा, वहिवाट, कूळ, इसार, बोजा, पोटहिस्सा, नजराणा या शब्दांचा अर्थ त्याला तलाठी कार्यालयातच कळतो. जुने दस्त मोडी लिपीत निघाले तर तो आणखीच अडतो. मोडी वाचू शकणारा तरुण वकील जमिनीच्या दाव्यांत किती उपयोगी पडतो, हे ज्यांनी जुन्या कुलाबा जिल्ह्यातील खोती गावांचे दप्तर पाहिले आहे त्यांना सांगणे नको.

पोटापाण्याचा प्रश्न

सेवेचा उपदेश करताना विद्यार्थ्याच्या घरची परिस्थिती विसरता येणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत वकिली करू लागले, तेव्हा मिळकत पुरत नसल्याने १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिक्षणसंस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. याच काळात, मार्च १९२७ मध्ये, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरमध्ये तळ्याच्या प्रश्नावर महाडच्या न्यायालयात दावा दाखल झाला, आणि तो लढत लढत १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. दहा वर्षे चाललेला हा दावा याच जिल्ह्यातला. १९३५ ते १९३८ या काळात बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. सार्वजनिक कार्य, अध्यापन आणि वकिली ही तिन्ही कामे एकाच माणसाने कशी पेलली याचा अभ्यास विधी विद्यार्थ्याने चरित्राच्या अंगाने करावा, तसाच हिशेबाच्या अंगानेही करावा.

अलीकडच्या काही निर्णयांनी या हिशेबात बदल झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी असा निर्णय दिला की, राज्य बार कौन्सिलांना सनद देताना अधिनियमात ठरविलेल्या शुल्कापेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून साडेसातशे व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून एकशेपंचवीस रुपयांपेक्षा, अधिक शुल्क घेता येणार नाही. त्यापूर्वी अनेक राज्यांत ही रक्कम हजारोंच्या घरात गेली होती. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्ती नाही. आणि तालुक्याच्या ठिकाणी ज्या ज्येष्ठ वकिलाचे स्वतःचेच उत्पन्न बेताचे, तो ती कितपत पाळील याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

२० मे २०२५ च्या निर्णयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केली. ही अट पूर्वी होती, २००२ मध्ये ती काढण्यात आली होती. न्यायालयाचे म्हणणे योग्यच आहे. पक्षकार, साक्षीदार आणि बेलिफ जवळून न पाहिलेल्या तरुणाने न्यायासनावर बसणे बरे नव्हे. परंतु पदवीनंतरची ती तीन वर्षे अल्प मिळकतीत काढावी लागणार, आणि त्याचा भार मोलमजुरी करणाऱ्या घरातील मुलामुलींवर अधिक पडणार, हेही खरे. कारकीर्द मार्गदर्शनाचे खरे काम येथे आहे. फौजदारी खटल्यांतील आरोपींसाठी विधी सेवा प्राधिकरणाची बचाव वकील पद्धती २०२२ पासून राबविली जात आहे. तीत नव्या वकिलांनाही साहाय्यक म्हणून ठरावीक मानधनावर नेमले जाते. प्राधिकरणाच्या वकील सूचीत येण्यासाठी तीन वर्षांचा अनुभव लागतो. शासकीय विभागांतील विधी अधिकारी, सरकारी अभियोक्ता, बँका व कारखान्यांचे विधी विभाग हे मार्ग आहेतच. पाताळगंगेच्या कारखान्यांत कामगार कायदा जाणणाऱ्या माणसाची गरज २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यानंतर वाढली आहे. जुन्या पुस्तकांवर विसंबणाऱ्याला ती भागविता येणार नाही.

ग्रामपंचायतीने काय द्यावे

फार काही लागत नाही. आठवड्यातील एक ठरलेला दिवस, शक्यतो बाजाराचा, कार्यालयातील एक मेज, कुलपाचे कपाट, आणि एक नोंदवही. या नोंदवहीत नाव व गावाखेरीज चार रकाने असावेत: कागदावरची तारीख, कागद प्रत्यक्ष हाती आल्याची तारीख, उत्तराची शेवटची तारीख, आणि पुढे कोणाकडे पाठविले. चौथा रकाना रिकामा राहिला तर केंद्र नावापुरतेच चालले आहे असे समजावे. पहिल्या दोन तारखांत अंतर दिसू लागले की सूचना बजावण्याच्या पद्धतीतच दोष आहे हे उघड होते, आणि तो विषय ग्रामसभेत मांडता येतो. लिफाफे फेकू नयेत, कारण टपालाच्या शिक्क्यावरूनच विलंब माफीचा अर्ज उभा राहतो.

महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना अलिबाग येथे पत्र पाठवावे, ग्रामपंचायतीने जागा देण्याचा ठराव त्यास जोडावा आणि एक प्रत खालापूरच्या तालुका समितीला द्यावी. हा पत्रव्यवहार मे महिन्यात झाला तर जूनमध्ये, वाड्यांवरची माणसे परतलेली असताना, पहिला विद्यार्थी मेजावर बसू शकतो. तोपर्यंत कोणास तातडीचा सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर, ठळक मराठी अक्षरांत, रंगवून घ्यावा.